अकराव्या मजल्यावरचं कोर्ट

दार उघडण्याआधी काका आतून तीनदा नाव पुकारायचे. आपण बेल दाबली की आत बुटांचा आवाज व्हायचा, आणि मग आडनाव आधी, स्वतःचं नाव नंतर, शेवटी वडिलांचं, अशा क्रमाने खणखणीत पुकारा व्हायचा. "हाजीर हो!" तिसऱ्या पुकाराला आपण "हजर" म्हटलं तरच कडी निघायची. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये एक फिलिपिनो बाई राहायच्या. पहिल्या वेळी त्यांनी घाबरून सिक्युरिटीला बोलावलं. सिक्युरिटीवाला नेपाळी होता. काकांनी त्याचंही नाव विचारून घेतलं आणि दार लावून तीनदा पुकारलं. तो बिचारा "हाजिर, साब" म्हणून सलाम ठोकून निघून गेला.

काका म्हणजे कुणाचेच काका नव्हते. ओळखीच्या दोन-चार मराठी घरांत ज्यांना सगळे काका म्हणतात, तसे काका. गावाकडे एका तालुक्याच्या फौजदारी कोर्टात तीस वर्षं बेंच क्लार्क होते. मॅजिस्ट्रेटच्या पुढ्यात, एक पायरी खाली टेबल लावून बसतो आणि खालचे कागद वर, वरचे कागद खाली करतो, तो बेंच क्लार्क. काकू गेल्या आणि मुलाने त्यांना पॅरेंट व्हिसावर इकडे आणलं. मुलाची कल्पना अशी की बाबा आता नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडतील, खाली बागेत चार चकरा मारतील, टीव्ही बघतील. काकांनी आठ दिवस टीव्ही बघितला. नवव्या दिवशी पांढरा शर्ट, काळी पँट आणि काळे बूट घालून ते बरोबर अकरा वाजता सुनेच्या डायनिंग टेबलाशी बसले. ते दोनपर्यंत उठले नाहीत.

त्यांच्याकडे माणसं यायची, ती एकाच दुखण्याची. गावाकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वी काहीतरी बारीकसारीक झालेलं असायचं. मारामारी, जुगाराच्या अड्ड्यावर धाड, मिरवणुकीतली दगडफेक. कोर्टात उभं केलं, "गुन्हा कबूल आहे?" विचारलं, "हो" म्हटलं, दंड भरला आणि माणूस विसरून गेला. आपल्याकडे यालाच केस मिटवणं म्हणतात. दंड भरला म्हणजे खलास, असंच आपण सगळे समजतो. ती शिक्षा आहे, आणि शिक्षा झालेला माणूस म्हणून आपलं नाव कुठल्यातरी रजिस्टरात कायमचं बसलंय, हे कळतं ते इकडे कुणी पोलिसांचा दाखला मागितल्यावर. मग व्हिसा अडतो, आणि एरवी हबीबी, इन्शाल्ला करत पाठीवर हात ठेवणारे सगळे एकदम गप्प होतात. अशा माणसांसाठी काका अर्ज लिहायचे. तिकडच्या वरच्या कोर्टात दाखल करायचा, ती जुनी शिक्षा रद्द करा म्हणणारा, आणि सोबत 'एवढी वर्षं झोपला होतात का' या प्रश्नाचं उत्तर देणारा दुसरा, विलंबमाफीचा. दाखल करायला तिकडचे एक वकील होते. मसुदा मात्र काकांचा. तोही हाताने, गावाकडून आणवलेल्या हिरवट लेजर पेपरवर, डावीकडे समास दुमडून.

पैसे घेत नसत. त्याऐवजी डोकं खायचे.

घराचाही ते रोजनामा लिहायचे, कोर्टात रोजच्या कामकाजाचा लिहितात तसा. मी तो एकदा चोरून वाचला. 'सून हजर. नातू गैरहजर, कारण पोहणे. चहाचा अर्ज मंजूर. दुसऱ्या चहाचा अर्ज राखून ठेवला.' आठ वर्षांच्या नातवालाही ते अहो-जाहो करायचे. "तुम्ही दूध प्यायलात का?" असं विचारायचे. तो मान वर न करता म्हणायचा, "आय डोन्ट रिमेंबर, आबा." काका खूश व्हायचे. म्हणायचे, "बघा, साक्षीदार असावा तर असा. आठवत नाही तर आठवत नाही म्हणतो."

मुलगा मात्र खूश नव्हता. एकदा माझ्यासमोरच तो म्हणाला, "बाबा, इथे लायसन्स नसताना लीगल अ‍ॅडव्हाइस दिलेली चालत नाही. उद्या कुणी कम्प्लेंट केली तर माझ्या व्हिसाचं काय? मग सगळेच जाऊ गावाला, यल्ला!"

"मी सल्ला देत नाही," काका म्हणाले. "मी लेखनिक आहे. लोक सांगतात, मी लिहितो."

"आणि ते नावं पुकारणं? ते तरी बंद करा."

"ते कसं बंद करणार? पुकारल्याशिवाय माणूस हजर होत नाही."

मुलगा कारच्या किल्ल्या घेऊन खाली निघून गेला. सून आतून मटाराच्या शेंगा घेऊन आली, कारण दोन वाजले होते आणि कोर्टाच्या मधल्या सुट्टीत काका भाजी निवडायचे.

मी त्यांच्याकडे गेलो तो अर्थातच गरजेपोटी. अठरा वर्षं मी इथे एकाच कंपनीत आहे. इमारतींची देखभाल बघतो, म्हणजे लिफ्ट, एसी आणि लोकांच्या तक्रारी. कंपनीला एक मोठं सरकारी काम मिळालं आणि आमच्या एचआरच्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "सर, सबका पुलिस क्लिअरन्स चाहिए, इंडिया का. रिन्यूअल के पहले. ऊपर से आया है." व्हिसाच्या रिन्यूअलला तेरा महिने होते. मी हसत हो म्हटलं आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून राहिलो. माझ्या व्हिसावर बायकोचा व्हिसा, माझ्याच व्हिसावर मुलीचा. मुलगी इथेच जन्मली, तेव्हा अकरावीत होती. माझा दाखला खराब आला असता तर बारावीच्या ऐन परीक्षेच्या तोंडावर तिला शाळा, मैत्रिणी, सगळं सोडून निघावं लागलं असतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला तिकडे कुणी नोकरी दिली असती असंही नाही.

आणि दाखला खराबच येणार होता. मी वीस वर्षांचा असताना आम्ही चार मित्र एका सोसायटीच्या मैदानात क्रिकेट खेळायचो. तिथल्या वॉचमनने एक दिवस फाटकाला कुलूप लावलं आणि आमची बॅट जप्त केली. बाचाबाची झाली, तो पडला, भुवईवर जखम झाली. पोलीस आले. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एका कारकुनाने आमच्या वडिलांना बाजूला घेतलं. "पोरांना हो म्हणायला सांगा, दुपारच्या आत घरी." आम्ही ओळीने चौघे हो म्हणालो. दुपारच्या आत घरी आलो. वडील सरकारी नोकरीतले, त्यांना प्रत्येक कागदाची नक्कल काढून ठेवायची खोड होती. तेवढी एक नक्कल माझ्या नशिबाने कपाटात राहिली होती.

ती नक्कल काकांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली. मग मला विचारलं, "तुम्ही नेमकं काय बोलला होतात?"

"हो म्हणालो."

"इथे लिहिलंय, 'मला गुन्हा कबूल आहे, माझ्यावर दया करावी.' चौघांच्या नावापुढे हेच. दया करावी असं म्हणाला होतात?"

"नाही हो. तेवढा वेळच नव्हता."

"आरोप वाचून दाखवला होता?"

"आठवत नाही. बहुतेक नाही."

ते खिन्न हसले. "कायदा म्हणतो, आरोपीला आरोप समजेल असा सांगा, आणि तो जे बोलेल ते होता होईल तो त्याच्याच शब्दांत लिहा. आम्ही त्या वाक्याचा शिक्काच केला होता. सकाळी साहेब यायच्या आधी मी शिक्के मारून ठेवायचो, म्हणजे तेवढाच वेळ वाचायचा. व्हरांड्यात उभं राहून लोकांना हो म्हणा म्हणून सांगणारा माणूस प्रत्येक कोर्टात असतो. आमच्याकडे तो मी होतो. मला वाटायचं, मी लोकांवर उपकार करतोय."

त्यांना हे खूळ कशाने लागलं, ते एकदाच बोलले. इकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात उम्म अल कुवैन या जवळच्या अमिरातीतल्या इंडस्ट्रियल एरियातला एक फिटर कुणाच्या तरी ओळखीने त्यांना भेटायला आला. काकांच्याच तालुक्यातला. त्याला चांगली नोकरी मिळत होती आणि तांब्याच्या तारेच्या चोरीची जुनी शिक्षा आड आली होती. तार त्याने चोरलीच नव्हती, मुकादमाने अडकवलं होतं. पण हो म्हटलं की सुटशील, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून हो म्हणाला. कोर्टातली फाइल नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झालेली. त्याच्याकडे उरली होती फक्त दंडाची पावती.

"त्याने मला ओळखलं नाही," काका शेंगा सोलत म्हणाले. "पावतीवर सही माझी होती."

"मग तुम्ही सांगितलंत त्याला?"

"सांगितलं. तो म्हणाला, साहेब, तुमचा काय दोष, तुम्ही तर बरंच सांगितलं होतंत. चहा प्यायला आणि गेला. फाइलच नाही तर मी काय करणार? परत पाठवला त्याला इथून."

एवढं बोलून त्यांनी निवडलेले मटार मोजल्यासारखे हाताने पसरले. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवलं नाही. मी जुजबी काहीतरी बोलून निघालो.

तर माझा अर्ज. मला वाटलं, एका बैठकीत होईल. काकांनी मला टेबलासमोर उभं केलं. सगळ्यांनाच करायचे. आरोप त्यांनी पहिल्यापासून वाचला, सावकाश, मराठीत, वॉचमनच्या नावासकट. ते नाव मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं.

"समजला?"

"समजला."

"मारलंत त्याला?"

"काका, आम्ही चौघं होतो. त्या ढकलाढकलीत..."

"मी चौघांना विचारलेलं नाही."

"नाही. मी नाही मारलं."

हे उत्तर मला पाठ होतं. आईला, बायकोला, इथे पार्किंगमध्ये स्वतःला मी तेच दिलं होतं. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "पुढची तारीख. शनिवार, अकरा."

पुढच्या शनिवारी तोच पुकारा, तोच आरोप, तेच उत्तर. पुन्हा पुढची तारीख. मी चिडलो. माझे महिने चालले होते आणि या माणसाला खेळ सुचत होता. बायको म्हणाली, "सोडा त्यांना, तिकडचा दुसरा वकील बघा." तिसऱ्या शनिवारी मी वैतागूनच गेलो. त्यांनी आरोप वाचायला घेतला आणि पहिल्या ओळीतच मी म्हणालो, "मारलं. मीच मारलं. बाकीचे नुसते ओरडत होते. कानशिलात दोन लगावल्या. पहिलीलाच तो हात जोडून मागे सरला होता. दुसरी मारायचं काही कारण नव्हतं."

घरात कुकरची शिट्टी झाली. काकांनी कोरा कागद पुढ्यात घेतला आणि समास दुमडला.

"हे अर्जात लिहिणार?" मी घाबरून विचारलं.

"छे. अर्जात एवढंच, की तुमची कबुली नीट नोंदवली नाही. ते खरं आहे. तुम्ही मारलंत, तेही खरं आहे. पहिलं कोर्टाला सांगू. दुसरं मला माहीत असलेलं बरं, म्हणजे लिहिताना माझा हात अडत नाही. बसा आता."

मी बसलो, आणि खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. सुनेने न विचारता चहा आणून ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा मला हा विक्षिप्त म्हातारा आवडला.

अर्ज सुरेख होता. वरच्या कोर्टाला तो पटला. चार आरोपींची चार उत्तरं अक्षरशः एकसारखी कशी, हा काकांचा मुद्दा निकालात जवळजवळ तसाच उतरला. शिक्षा रद्द झाली. पण कोर्टाने केस खाली परत पाठवली. आरोपीला आरोप रीतसर समजावून सांगा आणि त्याचं म्हणणं नव्याने नोंदवा, असा आदेश. मी फोनवर ओरडलोच, "काका, हे काय भलतंच? पुन्हा उभं राहायचं?"

"मग काय मागितलं होतं आपण?" ते म्हणाले. "नीट विचारलं नाही, हेच ना? आता विचारतील."

पुढे काय बोलायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी तीनदा आडून विचारलं. "तुमचं उत्तर आहे," एवढंच म्हणत. तिकडच्या वकिलांनी स्वच्छ सांगितलं, "हो म्हणालात तर शिक्षा परत नावावर. मग मी काही करू शकत नाही. नाही म्हणा, फिर्यादी सापडत नाहीये, एका तारखेत मिटेल." रिन्यूअलला सात आठवडे उरले होते. मुलीची प्रिलिम चालू होती.

मी गेलो. चोवीस वर्षांत कोर्टाच्या भिंतींना रंग लागला होता, बाकी व्हरांडा तोच. मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या. त्यांनी घाई केली नाही. आरोप मराठीत वाचला, मध्ये थांबून "समजतंय ना?" विचारलं. मग पेन उचलून म्हणाल्या, "तुमचं काय म्हणणं आहे? तुमच्या शब्दांत सांगा, मी लिहिते."

"मी त्यांना मारलं नाही," मी म्हणालो. आवाज अजिबात कापला नाही.

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. वॉचमनचा गावचा पत्ता कुणालाच सापडला नाही. पुढच्या तारखेला साक्षीदारच नाहीत म्हणून मी सुटलो. दाखला स्वच्छ आला. रिन्यूअल झालं, तिघांचंही. बायकोने शिरा केला. विमानतळावरून घरी येताना मागच्या सीटवरून मुलीने विचारलं होतं. तोवर तिला सगळं कळलं होतं, हल्ली मुलांपासून काही लपत नाही. "बाबा, जस्ट टेल मी. डिड यू हिट दॅट मॅन?" मी आरशात तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही गं. चुकून नाव आलं होतं."

काकांना भेटायला मी चार-पाच शनिवार टाळले. शेवटी मिठाईचा बॉक्स घेऊन गेलो. पुकारा झाला, मी हजर म्हणालो, दार उघडलं. त्यांनी बॉक्स सुनेकडे दिला आणि मला बसायला सांगितलं.

"वाचून दाखवला आरोप?"

"हो. सावकाश. मराठीत."

"आणि?"

"नाही म्हणालो."

मला वाटलं, आता पेनाला टोपण लागणार. तसं झालं नाही. ते मान हलवत म्हणाले, "तो तुमचा हक्क आहे. सिद्ध करायचं काम सरकारचं. पोरगी बारावीला, तुम्ही दुसरं काय करणार? वाईट वाटून घेऊ नका."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. उतरलेल्या दगडाचाच आनंद असेल, मी भरात येऊन बोलत सुटलो. विमानतळ सांगितला, गाडी सांगितली, मुलीचा प्रश्न सांगितला आणि मी तिला काय उत्तर दिलं तेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. जणू तीही एक जिंकलेलीच तारीख.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम फार थकलेले दिसले.

"तिच्या हातात काय होतं तुमचं?" ते म्हणाले. "व्हिसा?"

मी चष्मा त्यांच्याकडे सरकवला.

"मला इतकी वर्षं वाटत होतं, माणसं घाईत आणि भीतीत काहीही बोलतात. त्यांना नीट, शांतपणे विचारलं, तर ती खरं सांगतील. त्या एका गोष्टीसाठी मी इथे बूट घालून बसतो." मग ते म्हणाले, "तिने तर नीटच विचारलं होतं."

मी उठलो. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं, लिफ्ट येईपर्यंत बरोबर उभेही राहिले, पण पुढची तारीख दिली नाही. वर्षभरात त्यांच्या मुलाची नोकरी बदलली आणि तो त्यांना गावी ठेवून आला. तिथे ते काय करतात, मला माहीत नाही. फोन करायचं धाडस झालं नाही.

मुलगी आता पुण्याला कॉलेजात आहे. रोज फोन करते, जेवलात का विचारते, मैत्रिणींच्या गमती सांगते. गाडीत विचारलेलं ते मात्र तिने पुन्हा कधी विचारलेलं नाही.